गॅलापागोसची आठ दिवसांची बोट-सफर: काय मिळतं, काय हुकतं आणि मार्ग कसा निवडायचा

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे १००० किलोमीटरवर, भर प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना गॅलापागोसची बेटं पसरली आहेत. विषुववृत्तावर असूनही इथे पेंग्विन राहतात, आणि थंडीच्या मोसमात पाण्यात उतरायचं तर अंगावर पाच मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे थंडी अडवणारा रबरी पोशाख, चढवावा लागतो. या सफरीबद्दल जी परीक्षणं वाचायला मिळतात ती बहुतेक केबिनच्या गादीबद्दल आणि डेकवरच्या गरम पाण्याच्या टबाबद्दल असतात. इथे सुरुवात पाण्यापासून करतो, कारण कुठली बोट पैसे वसूल करून देईल हे ती तुम्हाला कोणत्या पाण्यात उतरवते यावरच ठरतं.

या बेटांपाशी तीन प्रवाह भेटतात. दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाह पेरूच्या किनाऱ्याचं गार पाणी घेऊन येतो. ईशान्येकडून पनामा प्रवाह कोमट पाणी आणतो, त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे. तिसरा क्रॉमवेल प्रवाह पृष्ठभागाच्या खालून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, फर्नांदिना आणि इसाबेला या बेटांच्या पश्चिम अंगावर आदळतो आणि तळाचं गार, पोषणद्रव्यांनी भरलेलं पाणी वर आणतो. त्या पाण्यावर प्लवक आणि शेवाळ पोसलं जातं, त्यावर लहान मासळी, आणि मासळीवर पेंग्विन, पाणकावळे, समुद्रसिंह. म्हणून पश्चिमेचं पाणी सगळ्यात थंड आणि सगळ्यात भरलेलं. एल निनोच्या, म्हणजे इथला समुद्र नेहमीपेक्षा तापतो त्या वर्षी गार पाणी वर येणं मंदावतं आणि सगळी साखळीच उपाशी राहते. १९८२-८३ आणि १९९७-९८ साली इथले मरीन इग्वाना, म्हणजे समुद्रात चरणारे मोठे सरडे, मोठ्या संख्येने उपासमारीने मेले. जे तगले त्यांची नुसती चरबी उतरली नव्हती, त्यांच्या शरीराची लांबीसुद्धा वीस टक्क्यांपर्यंत घटल्याचं मोजमापात आढळलं. अन्न परत आलं की ते पुन्हा वाढतात.

आता सेवेबद्दल. गॅलापागोस पाहायचे व्यवहारात तीन मार्ग आहेत: सोळा प्रवाशांची छोटी बोट, शंभर प्रवाशांपर्यंतचं मोठं जहाज, आणि बेटावर हॉटेलात राहून रोजची एकदिवसीय सहल. पाणी आणि पाण्यातलं जीवन पाहायला जात असाल तर आमचं मत सरळ आहे: सोळा जणांची बोट, आठ दिवस, पश्चिमेचा मार्ग. हा सोळाचा आकडा राष्ट्रीय उद्यानाच्या नियमातून आला आहे. एका परवानाधारक गाइडमागे जास्तीत जास्त सोळा माणसं, आणि गाइडशिवाय उद्यानाच्या बहुतेक स्थळांवर पाऊल टाकता येत नाही. मोठ्या जहाजावर गाइड जास्त असतात, पण लोकांना तुकड्यातुकड्यांनी उतरवावं लागतं. त्यात वेळ जातो, आणि सकाळी उजाडता उजाडता पाण्याकाठी मिळणारी शांतता सगळ्या तुकड्यांच्या वाट्याला येत नाही. मोठ्या जहाजाचा फायदा एकच, पण खरा: ते कमी हलतं. ज्यांना बोट फार लागते, किंवा ज्यांच्यासोबत सत्तरीच्या पुढचं कुणी आहे, त्यांनी त्याचा विचार जरूर करावा.

बुकिंग करताना लोक सगळ्यात जास्त फसतात ते मार्गाच्या बाबतीत. उद्यानाचं प्रशासन प्रत्येक बोटीला मार्ग ठरवून देतं, आणि एकाच बोटीला दोन आठवड्यांच्या आत एकाच स्थळावर पुन्हा जाता येत नाही. त्यामुळे बहुतेक बोटी दोन आठवड्यांचं एक चक्र करतात आणि त्याचे तुकडे विकतात. बोट तीच, केबिन तीच, खलाशी तेच. पण या आठवड्यात ती पश्चिमेला जाते आणि पुढच्या आठवड्यात दक्षिण-पूर्वेला. बोटीचं नाव बघून पैसे भरले आणि तारीख एका आठवड्याने चुकली, तर वेगळीच सफर पदरात पडते. म्हणून नावाआधी तारखेनुसार स्थळांची यादी मागा. यादीत ‘फर्नांदिना: पुंता एस्पिनोसा’ आणि ‘इसाबेला: पुंता विसेन्ते रोका’ ही दोन नावं असतील तर तो पश्चिमेचा मार्ग. ‘एस्पान्योला: पुंता सुआरेस’ असेल तर दक्षिणेचा. उत्तरेला एकटं पडलेलं हेनोवेसा कधी एका मार्गाला जोडलेलं असतं, कधी दुसऱ्या.

‘आठ दिवस’ हा शब्दही तपासून घ्या. पहिल्या दिवशी विमान सकाळी उशिरा किंवा दुपारी उतरतं, त्यामुळे दुपारनंतर एकच स्थळ होतं. शेवटच्या दिवशी पहाटे एखादी छोटी फेरी, नाहीतर थेट विमानतळ. पूर्ण दिवस हाती लागतात ते सहा. याच हिशेबाने पाच दिवसांच्या सफरीत पूर्ण दिवस तीनच उरतात आणि पश्चिमेचा पूर्ण फेरा त्यात मावत नाही, कारण इसाबेलाच्या उत्तर टोकाला वळसा घालून जायलाच एक अख्खी रात्र जाते. चार-पाच दिवसांची सफर विकणारे ‘सगळे मुख्य प्राणी दिसतील’ असं सांगतात. समुद्रसिंह, कासव, निळ्या पायांचा बूबी पक्षी हे दिसतीलही, पण पश्चिमेला न जाणाऱ्या सफरीत न उडणारा पाणकावळा दिसणार नाही. तो फक्त फर्नांदिनावर आणि इसाबेलाच्या उत्तर व पश्चिम किनाऱ्यावर आहे, जगात आणखी कुठेही नाही.

पश्चिमेच्या मार्गावर पैसे जिथे वसूल होतात ते ठिकाण म्हणजे पुंता एस्पिनोसा. फर्नांदिना हा जिवंत ज्वालामुखी आहे, २०२४च्या मार्चमध्येही तो उसळला होता. किनाऱ्यावर थिजलेल्या लाव्हाचे काळे पट्टे आणि त्यावर तितकेच काळे मरीन इग्वाना, एकमेकांच्या अंगावर रचल्यासारखे, तोंडं बहुधा उन्हाकडे. पहिल्या मिनिटाला तुम्हाला नुसता खडक दिसतो. मग ‘फिस्स’ असा आवाज होतो आणि खडकातून पाण्याचा बारीक फवारा उडतो. खाण्याबरोबर पोटात गेलेलं जास्तीचं मीठ इग्वाना नाकाजवळच्या ग्रंथींतून असं शिंकरून बाहेर टाकतो. ते मीठ त्याच्याच डोक्यावर पडून वाळतं, म्हणून काळ्या तोंडावर पांढरी टोपी. जवळून पाहिलं तर तोंड चपटं, बोथट. दात बारीक आणि तीन टोकांचे, खडकावरचं शेवाळ खरवडायला नेमके. पिल्लं आणि माद्या ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरच चरतात, मोठे नर खोल बुडी मारतात. गार पाण्यात अंगाची ऊब झपाट्याने जाते, म्हणून बाहेर आले की तासन्‌तास उन्हात पडून राहणं हेच त्यांचं काम. इथे पोचायची वेळ म्हणूनच महत्त्वाची: अगदी सकाळी ते अंग तापवत बसलेले दिसतात, ऊन चढल्यावर आणि ओहोटी लागली की पाण्याकडे निघतात. चांगला गाइड भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून वेळ ठरवतो.

त्याच टोकावर पाणकावळ्यांची घरटी असतात, शेवाळाचा नुसता ढीग. पंख उडायला लागतील त्याच्या तिसऱ्या हिश्शाचे, पिसं विरळ. बाहेर आल्यावर ते तोकडे पंख पसरून वाळवत उभं राहणं मात्र आपल्या तलावाकाठच्या पाणकावळ्यासारखंच. जोडीतला एक पाण्यातून परतताना चोचीत शेवाळाचा पुंजका घेऊन येतो आणि घरट्यावर बसलेल्यापुढे ठेवतो. हे सगळं दोन मीटरवरून दिसतं. दोन मीटर हे उद्यानाने ठरवलेलं अंतर आहे. प्राणी स्वतः जवळ आला तर तुम्ही मागे सरायचं.

पुंता विसेन्ते रोकाला जमिनीवर उतरता येत नाही. तिथे आधी डिंगीतून, म्हणजे बोटीवरच्या छोट्या रबरी होडीतून, कड्याच्या कडेने फेरी होते आणि मग पाण्यात उतरायचं. आमच्या मते संपूर्ण गॅलापागोसमधलं हे सर्वांत उत्तम स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं पाहणं). कड्याच्या कुशीत खाडीसारखी जागा आहे, तिथे हिरवी कासवं शेवाळ खायला जमतात, कधीकधी एका नजरेत दहा-पंधरा. लाट आली की कासव, शेवाळ आणि तुम्ही सगळे एकाच लयीत पुढे-मागे झुलता. पेंग्विन बाणासारखा जातो, मान वळवेपर्यंत दिसेनासा होतो. त्याच्या मागे लागू नका, माशांच्या थव्याजवळ स्थिर राहा, तो तिथेच परत येतो. पाणकावळा तळाशी खडकांच्या फटींत चोच घालत फिरतो, त्याला तुमचं काही पडलेलं नसतं. सनफिश हा मोठा चपटा मासा दिसला तर बहुधा डिंगीतूनच, पाण्यावर आडवा पडलेला. थंडीच्या मोसमात इथलं पाणी १६ ते २० अंशांपर्यंत उतरतं. पंचवीस मिनिटांत बोटं बधिर व्हायला लागतात आणि अंगाने बारीक माणसं त्याआधीच कुडकुडतात. कुडकुडायला लागलात की हात वर करून डिंगी बोलवा, थांबू नका. त्या थंडीत आणखी दहा मिनिटं काढली तर दुपारची फेरी हुकते.

सगळ्यात जास्त तक्रारी निघतात त्या वेटसूटच्या. बोटीवरचे सूट पातळ, झिजलेले किंवा आपल्या मापाचे नसलेले निघू शकतात. बुकिंगच्या वेळीच उंची, वजन, छातीचं माप आणि बुटाचा नंबर कळवा, आणि सूट किती मिलिमीटरचा आहे ते लेखी विचारा. पश्चिमेला जून ते नोव्हेंबरमध्ये ३ मिलिमीटरचा सूट पुरत नाही. ५ चा लागतो, सोबत डोक्याला हूड असेल तर उत्तम. पहिल्याच दिवशी सूट घालून बघा. मानेपाशी आणि कमरेत पाणी खेळत असेल तर तो सैल आहे, तिथल्या तिथे बदलून घ्या, कारण शरीराने तापवलेलं पाणी सूटमध्ये टिकलं नाही तर त्याचा उपयोगच नाही. चेन पाठीमागे येते. पुढे चेन घेऊन घातलेला सूट खांद्यात आवळतो आणि दम लागतो.

मास्क मात्र स्वतःचा न्या, हजार वेळा सांगण्यासारखी गोष्ट. दुकानात पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत घ्या आणि मान खाली करा. पडला नाही तर तो तुमचा मास्क. नवीन मास्कच्या काचेवर आतून कारखान्यातला थर असतो. तो टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढला नाही तर प्रत्येक डुबकीत धुकं येतं. मिशा असतील तर वरच्या ओठापाशी पाणी झिरपणार हे धरून चाला; नाकाखालची रेघ थोडी कातरली किंवा तिथे व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला की बराच फरक पडतो. कपाळावरचे केस आत अडकू देऊ नका. चष्म्याचा नंबर असेल तर नंबराची काच बसवलेला मास्क मिळतो. बोटीवर तो मिळेलच असं नाही.

ज्यांना पोहता येत नाही त्यांनी जाऊ नये का? जावं, पण तयारी करून. बोटीवर लाइफ जॅकेट असतं, बऱ्याच ठिकाणी खलाशी गोल ट्यूब धरून सोबत येतो. अडचण अशी की इथलं बरंचसं स्नॉर्केलिंग डिंगीच्या कडेवरून थेट खोल पाण्यात उतरून होतं, पायाखाली वाळू नसते. तोंडाने श्वास घ्यायची सवय नसेल तर पहिल्या मिनिटातच घाबरायला होतं. जाण्याआधी किमान पाच-सहा वेळा तरणतलावात मास्क आणि नळी लावून श्वासाचा सराव करा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग चालतं, तिथे एक सकाळ घालवली तर लाटेत श्वास सांभाळणं जमायला लागतं. पाणी कोमट असतं, थंडीचा सराव तिथे होत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

दिवस साधारण असा जातो: सहाला जाग, सातला नाश्ता, आठच्या आत पहिलं उतरणं, साडेदहाला पाण्यात, दुपारी जेवण आणि तासभर पाठ टेकणं, मग पुन्हा पाणी, पुन्हा चालणं. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांनी बोटीवर, कारण स्थळांवर सहा ते सहा एवढीच मुभा. रात्रीच्या जेवणाआधी गाइड दुसऱ्या दिवसाची माहिती देतो. त्यात दोन शब्द सारखे येतील. ‘ड्राय लँडिंग’ म्हणजे डिंगीतून थेट खडकावर किंवा धक्क्यावर पाय. ‘वेट लँडिंग’ म्हणजे गुडघाभर पाण्यात उडी. वेट लँडिंगला पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. वाळूत दडलेलं पाकट चाहूल लागली की सटकतं. त्याच्या पाठीवर पाय पडला तर शेपटीचा काटा लागतो, आणि ते दुखणं साधं नसतं. डिंगीत चढता-उतरताना खलाशाचा हात मनगटाच्या वर, कोपराखाली पकडायचा. बोटांत बोटं अडकवून धरलेली पकड ओल्या हातात सुटते.

बोटीचा प्रवास बहुतेक रात्री होतो, आणि बोट लागते ती रात्रीच. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन सर्वांत कमी हलते. वरची, मोठ्या काचेची, महागडी केबिन सर्वांत जास्त हलते. खालच्या केबिनला मात्र इंजिनाचा आवाज आणि कधी डिझेलचा वास. मागच्या बाजूची, इंजिनाला लागून असलेली केबिन टाळा. दोन सांगाड्यांची कॅटामरान उभ्या लाटेत आपटते, पण डुलते कमी. डुलण्यानेच मळमळणाऱ्यांना ती बरी पडते. गोळी घेणार असाल तर ती बोट हलायच्या आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या अवोमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून त्या रात्रीच्या प्रवासाला सोयीच्या. आधीपासून काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. आलेपाकाच्या वड्या सोबत असाव्यात, पण सीलबंद पाकिटात. त्याचं कारण पुढे येईल.

शाकाहारी माणसांची बोटीवर उपासमार होत नाही, फक्त भाषेचा घोळ होतो. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय. पण इक्वेडोरमध्ये ‘कार्ने’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गोमांस-डुकराचं मांस येतं, कोंबडी आणि मासा त्यात धरत नाहीत. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं तिन्ही नावं घेऊन सांगा, आणि सूप कशात उकळलंय तेही विचारा. मेनेस्त्रा म्हणजे आपल्या उसळीची जवळची नातलग, मसूर किंवा घेवडा घट्ट शिजवून भाताबरोबर. पाताकोनेस म्हणजे कच्च्या केळ्याच्या दोनदा तळलेल्या जाड चकत्या. या दोहोंवर आठ दिवस नीट जातात. तिखटाला ‘अही’ नावाची चटणी टेबलावर असते, ती मागून घ्या.

खाऊ नेताना काळजी घ्यावी लागते ती बेटांवरच्या जैवसुरक्षेमुळे. विमानात बसण्याआधी मुख्य भूमीवर सामान तपासतात, बेटावर उतरल्यावर पुन्हा, आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणाऱ्या स्पीडबोटीत चढतानाही. ताजी फळं, भाज्या, बियाणं, रुजू शकेल असं काहीही चालत नाही. अख्खे मूग, मेथीदाणे, कढीपत्त्याच्या काड्या घरीच ठेवा. भाजलेलं, शिजवलेलं आणि कारखान्यात सीलबंद झालेलं सहसा जातं, पण जाहीर करायचं. बुटांच्या तळव्यातली मातीही काढून घ्या. हे सगळं जाचक वाटेल, पण बाहेरून आलेल्या जिवांनी इथे काय केलं याचा हिशेब सगळ्यांपुढे आहे. बकऱ्यांनी उत्तर इसाबेला चरून ओसाड केलं होतं, आणि त्या हटवायला १९९७ ते २००६ अशी जवळपास दहा वर्षं मोहीम चालली. इथे येणाऱ्या बोटींची खालची बाजूही पाणबुडे तपासतात, परक्या समुद्रातली शिंपली चिकटून आलेली नकोत म्हणून. परतताना शंख, वाळू, लाव्हाचा खडा, काहीही खिशात ठेवू नका. विमानतळावर पकडतात.

सफर चांगली की मध्यम हे शेवटी गाइडच ठरवतो, म्हणून गाइडबद्दल बुकिंगलाच बोला. त्याचं इंग्रजी कसं आहे, तो स्वतः पाण्यात उतरतो का, की डिंगीत बसून बोट दाखवतो, हे विचारा. चांगला गाइड प्रवाहाच्या वरच्या अंगाला उतरवतो आणि डिंगी खालच्या अंगाला उभी ठेवतो, म्हणजे तुम्हाला नुसतं वाहत यायचं असतं. फ्लोरेआनाजवळच्या ‘डेव्हिल्स क्राउन’ला, समुद्रातून अर्धवट वर आलेल्या ज्वालामुखीच्या मुखाशी, हे फार महत्त्वाचं. तिथला प्रवाह एवढा ओढतो की उलट पोहायला गेलात तर जागच्या जागी हातपाय मारत राहाल. हातपाय मारू नका, वाहू द्या. पहिली फेरी झाली की डिंगी परत वर नेऊन सोडते.

दक्षिणेच्या मार्गाला कमी लेखू नये. एस्पान्योलावर अल्बट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी एप्रिल ते डिसेंबर असतात, त्यांच्या चोची आपटण्याचा खेळ दुसरीकडे कुठे असा जवळून दिसत नाही. सान क्रिस्तोबालजवळच्या किकर रॉकच्या अरुंद खिंडीत खाली हातोड्यासारख्या डोक्याच्या हॅमरहेड मुशी सरकताना दिसतात. एस्पान्योलाच्या गार्डनर बेला समुद्रसिंहांची पिल्लं पायातले फ्लिपर ओढतात, तोंडापुढे येऊन बुडबुडे सोडतात. पिल्लांशी खेळ होतो, पण किनाऱ्याकडून ओरडत येणारा मोठा नर दिसला की वाट सोडा. तो त्याच्या हद्दीतून तुम्हाला हाकलत असतो आणि चावतोही. हेनोवेसाला लाल पायांचे बूबी आणि दिवसाढवळ्या पक्ष्यांची शिकार करणारं घुबड आहे. पण समुद्रासाठीच जात असाल आणि एकच सफर परवडणार असेल, तर पश्चिम.

हॉटेलात राहून एकदिवसीय सहली करणं स्वस्त पडतं, आणि ज्यांना रात्री जमिनीवर झोपायचंय त्यांना तेच योग्य. सहलीला ठिकाणानुसार साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर लागतात. सांता क्रूझ बेटाच्या पुएर्तो आयोराहून नॉर्थ सीमूर आणि बार्तोलोमे, इसाबेलाच्या पुएर्तो विय्यामिलहून लोस तुनेलेस (इथे समुद्रघोडे आणि कपारीत झोपलेल्या मुशी दिसतात), सान क्रिस्तोबालहून किकर रॉक, तीन बंदरांहून एवढ्या सहली केल्या तरी पुष्कळ पदरात पडतं. तोटा असा की दिवसाचे चार तास येण्याजाण्यात जातात, स्थळावर भर दुपारी पोचता, आणि फर्नांदिना, पश्चिम इसाबेला, हेनोवेसा इथे बोटीवर राहिल्याशिवाय जाता येत नाही. बेटांमधली स्पीडबोट दोन-अडीच तास आपटत जाते. मागच्या बाकावर बसा, पुढे बसलात तर कंबर धरते.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी, करणाऱ्यांसाठी वायव्येला डार्विन आणि वुल्फ ही दोन बेटं आहेत, तिथे फक्त खास डायव्हिंगच्या बोटी जातात आणि जमिनीवर उतरता येत नाही. हॅमरहेडचे थवे, आणि जून ते नोव्हेंबर व्हेल शार्क, त्याही बहुतेक प्रचंड आकाराच्या माद्या. डार्विनची प्रसिद्ध कमान १७ मे २०२१ला कोसळली, आता दोन खांब उरलेत. खालचं जीवन तसंच आहे. जोरदार प्रवाह, थंडी आणि खाली ओढणारं पाणी असतं, म्हणून बऱ्याच बोटी पन्नास डाइव्हची नोंदवही मागतात. नवशिक्यांनी हट्ट करू नये. शेवटच्या डाइव्हनंतर विमानाला १८ ते २४ तास मोकळे ठेवा, आणि राजधानी क्विटो २८५० मीटर उंचीवर आहे हेही त्या हिशेबात धरा.

केव्हा जायचं? जून ते नोव्हेंबर थंड, ढगाळ, समुद्र खवळलेला, पाण्यात गढूळपणा जास्त, पण जीवन सगळ्यात भरगच्च. जानेवारी ते मे ऊन, शांत समुद्र, कोमट आणि स्वच्छ पाणी, कासवांचा अंडी घालायचा काळ. पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्यांना एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे सर्वांत चांगला: पाणी अजून सुसह्य असतं, अल्बट्रॉस आलेले असतात, आणि महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्टी असते. बऱ्याच बोटी सात वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, ते आधी विचारा.

खर्च. सोळा जणांच्या मध्यम ते चांगल्या बोटीचे आठ दिवसांचे माणशी साधारण ३००० ते ६००० डॉलर. त्यात सहसा धरलेलं नसतं ते असं: मुख्य भूमीवरून बेटांचं विमान, वेटसूटचं भाडं, पेयं, खलाशी व गाइडची बक्षिसी, आणि उद्यानाचं प्रवेशशुल्क. ते १ ऑगस्ट २०२४पासून परदेशी प्रौढांना १०० वरून २०० डॉलर झालं, बारा वर्षांखालच्यांना १००. शिवाय विमानतळावरच मिळणारं २० डॉलरचं प्रवासी कार्ड. ते परतीला पुन्हा मागतात, जपून ठेवा. शुल्क रोख भरावं लागेल असं धरूनच चला. इक्वेडोरचं चलन २००० सालापासून अमेरिकी डॉलरच आहे, पण पन्नास-शंभरच्या नोटा दुकानदार घेत नाहीत आणि फाटकी नोट कुणीच घेत नाही. एक, पाच, दहा, वीसच्या कोऱ्या नोटा न्या. प्रवेशशुल्क वाढल्यावर बरीच कुरकुर झाली. आमच्या मते ते रास्त आहे. सुमारे १,३३,००० चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य राखायचं तर गस्त घालावी लागते, आणि ती कशासाठी हे २०१७च्या ऑगस्टमध्ये दिसलं: अभयारण्याच्या हद्दीत एक चिनी जहाज पकडलं गेलं, त्यात हजारो मृत मुशी होत्या.

भारतीय पासपोर्टवर २०१९पासून इक्वेडोरचा व्हिसा आधी काढावा लागतो. अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर नुसत्या ट्रान्झिटसाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपातून जाताना त्या विमानतळाचा नियम तपासा. मुख्य भूमीवर बोटीच्या आदल्या दिवशीच पोचा, विमान चुकलं तर बोट थांबत नाही. आणि पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावर निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून. इक्वेडोर पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो, त्यामुळे लशीचं वैध कार्ड नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर हातात ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.